माळ्यावरचा देव्हारा

यावलच्या आमच्या पुतण्याने घरातच ‘क्लाउड’ उभारला आहे. मोठ्या कंपन्यांचा सर्व्हर ठेवायचा रॅक १९ इंची रुंद, याचा १० इंची. आत जेवणाच्या डब्याएवढे तीन मिनी कॉम्प्युटर, एक स्विच आणि लुकलुकणारे निळे दिवे. देव्हाराच जणू! हेतूही थोर, घरचे फोटो परक्याच्या हाती नकोत. जागा मात्र माळ्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी या देवाला नैवेद्य देतो. आजी पुठ्ठ्याने वारा घेत बसते. इकडे आमची केळी पिकवणीच्या शीतखोलीत १६ ते १८ अंशांत सुखाने पिवळी होतात! तेव्हा बाळा, रॅक खाली आण आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी मामाकडे ठेव. एकाच छपराखालच्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत.