थांबा, अजून वाढेल!

आमच्या कॉलनीत कुणाच्याही गच्चीवर उभं राहून भोवती पाहिलं की पॅनेलांचं काळंनिळं शेत दिसतं. सतरा घरं, त्यांतल्या बारा घरांवर सोलार. या बाराही घरांचे अर्ज एकाच माणसानं भरून दिलेत. आणि शेताच्या बरोबर मधोमध एक गच्ची पडीक आहे. तिच्यावर मार्च-एप्रिलमध्ये कुरडया वाळतात आणि बाकीचं वर्षभर नुसतं ऊन वाळत पडलेलं असतं. ती गच्ची त्याच माणसाची. म्हणजे नानांची.

हे जुळे सोलापूर आहे. इथं बाकी कशाचीही टंचाई असेल, उन्हाची नाही. नानांच्याच भाषेत सांगायचं तर, "इतर गावांत सूर्य उगवतो, आपल्याकडं तो ड्यूटीवर हजर होतो." अशा गावात, सोलारची खडान्खडा माहिती असलेला माणूस स्वतः दरमहा विजेचं पूर्ण बिल भरतो, ही गोष्ट पोहणं शिकवणाऱ्यानं आयुष्यभर काठावर बसून अंघोळ करावी तशी आहे. पण हे नानांना सांगायची सोय नाही. ते हात वर करून एवढंच म्हणतात, "थांबा. अजून वाढेल."

वाढेल म्हणजे सबसिडी.

नाना सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी जन्मभर लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. निवृत्तीनंतर त्याच त्रुटी काढून टाकायचं काम ते विनामोबदला करतात. दुपारी चार वाजता त्यांच्या व्हरांड्यात गेलं की तारेच्या खुर्चीवर नाना, समोर स्टुलावर फाइल आणि फाइलवर वजन म्हणून जुना अडकित्ता. फाइलीला खऱ्या लाल फितीची गाठ. आत वर्तमानपत्रांची कात्रणं तारीखवार लावलेली, टाचणीनं. स्टेपलर त्यांना चालत नाही. "टाचणी काढता येते," ते म्हणतात. "पिन मारली की कागद कायमचा झाला. आणि योजना कायमची कधी असते?"

फाइल न उघडताही नाना बोलू शकतात. "१ किलोवॅटला ३०,०००. २ ला ६०,०००. ३ ला ७८,०००. पुढं तुम्ही गच्चीवर अख्खं कोराडी वीजकेंद्र उभारलंत तरी ७८,०००च." लगेच दुसरा श्वास. "महिन्याला दीडशे युनिटच्या आत जळत असतील तर एक-दोन किलोवॅट पुरे. दीडशे ते तीनशे असतील तर दोन-तीन. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा, तीही सावली नसलेली. दिवसाला चारेक युनिट निघतात. सोसायटी असेल तर सामायिक विजेसाठी किलोवॅटमागं १८,०००. विचारा."

हे 'विचारा' फार धोक्याचं. विचारलं की चहा येतो, आणि चहा आला की दोन तास गेले.

तर हे थांबण्याचं खूळ आलं कुठून? नानांची पिढीच नंबर लावून थांबण्यात वाढली. स्कूटरचा नंबर, गॅसचा नंबर, फोनचा नंबर. नानांनी पैसे भरून स्कूटर बुक केली आणि मग लग्न केलं. मोठा मुलगा शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आली. त्याच दिवशी दारात एक माणूस येऊन किमतीच्या वर 'ऑन' देऊन ती मागू लागला. नानांनी विकली नाही. पण बसल्या जागी वस्तूची किंमत वाढते, हे त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. घाई करणारा माणूस त्यांच्या लेखी तेव्हापासून अडाणी.

तरीही ही सवय व्यसनावर गेली ती २०२४ साली. त्याला साक्षीदार मीच.

२०२३ च्या दिवाळीनंतर मी सोलार बसवायचं ठरवलं. त्या वेळी केंद्राची सबसिडी होती किलोवॅटला १४,५८८ रुपये. तीन किलोवॅटचे झाले ४३,७६४. मी कागदपत्रं घेऊन व्हरांड्यात गेलो. नानांनी आकडा वाचला आणि चष्मा काढला. "१४,५८८. सरकारनं असा सुटा आकडा दिला की समजायचं, हा मुक्कामाचा आकडा नाही, वाटेतला आहे. थांबा."

मी थांबलो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरायच्या आधीच बातमी आली: किलोवॅटला १८,०००. मी पेढे घेऊन गेलो. नानांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "थांबा."

२२ जानेवारीला पंतप्रधानांनी एक कोटी घरांवर सोलार बसवायची घोषणा केली. सगळा देश त्या दिवशी अयोध्येकडं पाहत होता. नाना या एक कोटीकडं पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "एक कोटी घरं म्हणतायत. १८,००० मध्ये एक कोटी माणसं गच्चीवर चढत नाहीत. दर वाढवावाच लागेल." १३ फेब्रुवारीला 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' आली आणि पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्याला १८,००० असा दर जाहीर झाला. पुढं महिनाअखेरीला मंत्रिमंडळानं ७५,०२१ कोटींवर शिक्का मारला. नानांनी तोही आकडा टाचणीनं लावला. "बघा, वर एकवीस कोटी. आता मुक्काम झाला, तुम्ही बसवा."

४३,७६४ चे ७८,००० झाले. फरक ३४,२३६. हा फरक नाना आजही मला फोन नंबरासारखा घडाघडा म्हणून दाखवतात.

माणूस शंभरदा चुकला तर शहाणा होतो. एकदाच अचूक ठरला की संपला. नानांचं तेच झालं. आम्हाला त्यांनी 'आता बसवा' सांगितलं, पण स्वतः मात्र पुढच्या वाढीची वाट पाहत बसले.

मी बसवलं. त्या दिवशी व्हेंडरची दोन पोरं स्ट्रक्चर घेऊन आली, त्यांच्या आधी नाना गच्चीवर होते. डोक्यावर पंचा, हातात माझं वीजबिल. प्रत्येक पॅनेल पालथं घालून त्यांनी मागचं लेबल वाचलं. "डीसीआर आहे ना? सेल भारतातले, मॉड्यूल भारतातलं? नसेल तर पॅनेल चालेल, वीज येईल, पण सबसिडी येणार नाही." त्यातलं एक पोरगं दबकत म्हणालं, "काका, आम्ही डीसीआरच लावतो." नाना म्हणाले, "लावता हे माहीतय. लिहिलंय का ते बघतोय." मग अर्थिंगचा खड्डा पाहिला, टाकीची सावली तीन वाजता कुठपर्यंत येते ते खडूनं आखलं, आणि शेवटी माझं बिल माझ्यासमोर धरलं.

"नाव वाचा."

वाचलं. माझ्या आडनावातल्या 'ण'चा 'न' झाला होता.

"छपाईची चूक आहे नाना."

"सरकारदरबारी ही चूक नाही. हा दुसरा माणूस आहे. सबसिडी येते ती ज्याच्या नावाचं मीटर त्याच्या खात्यात. बिलावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की अर्ज लटकला. सोलारची पहिली पायरी गच्चीवर नसते, बिलाच्या वरच्या कोपऱ्यात असते. आधी नाव."

हे 'आधी नाव' त्यांनी बाराही घरांत जाऊन सांगितलं. कुणाच्या बिलावर जुना मालक निघाला, कुणाच्या बिलावर बिल्डर. नानांनी सगळ्यांची नावं बदलून घेतली. माझा 'ण' परत आला. यथावकाश नेट मीटर बसलं, तपासणी झाली, पोर्टलवर कॅन्सल चेक चढवला आणि एका सकाळी मोबाईल वाजला. ७८,००० जमा. मी धावत व्हरांड्यात गेलो. नानांनी मेसेज दोनदा वाचला, आणि स्वतःच्या खात्यात आल्यासारखे खुर्चीत मागं रेलले.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. घरी पाहुणे, दुपारचा दीड, पानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि वीज गेली. मी ऐटीत म्हणालो, "काळजी नको, वर सोलार आहे." पंखा काही फिरेना. वर बेचाळीस अंशांत सहा पॅनेलं लखलखतायत आणि खाली पाहुणे पुठ्ठ्यानं वारा घेतायत. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "सांगितलं होतं! बॅटरी नसलेलं ऑनग्रिड आहे ते. लाइन गेली की तुमचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरचा शॉक बसेल." नानांकडं बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर आहे. पानं उचलून आम्ही सगळे त्यांच्या पंख्याखाली जेवलो. जेवताना नानांनी पाहुण्यांना सांगितलं, "यांनी घाई केली."

काकूंना, म्हणजे नानांच्या पत्नीला, मात्र हे थांबणं फार दिवस सोसलं नाही. यंदा गुढीपाडव्याला मी श्रीखंड द्यायला गेलो, तर त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बेरीज करत बसलेल्या. मला म्हणाल्या, "बसा. तुम्हीच साक्षीदार हवे होतात." मग नानांकडं वळल्या.

"अहो, योजना आल्यापासूनची चोवीस बिलं मांडलीयेत. ७८,४०० झाले."

नाना गप्प.

"सरकार तुम्हाला ७८,००० द्यायला बसलंय. तुम्ही ते घेतले नाहीत, वर तेवढेच खिशातून भरलेत. वर चारशे जास्त. हे चारशे कसले? थांबल्याचं कमिशन?"

नानांनी कागद घेतला, बेरीज तपासली आणि म्हणाले, "यात स्थिर आकार धरलास तू. तो सोलार बसवूनही भरावाच लागतो. तेवढा वजा कर."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या ठेवण्यात असं काही होतं की मीच घाईनं मोबाईल काढला. "नाना, आत्ता अर्ज भरू. दोन मिनिटं लागतात. ग्राहक क्रमांक सांगा."

बाराही आकडे त्यांनी तोंडपाठ सांगितले. मी टाकले. पडद्यावर नाव आलं: वामन.

नानांचं नाव श्रीधर. वामन म्हणजे त्यांचे वडील. आम्ही त्यांना पाहिलेलंही नाही. फक्त बैठकीतल्या फोटोला हार असतो तेवढी ओळख.

बारा घरांत 'आधी नाव, आधी नाव' करत फिरलेल्या माणसाच्या घरचं मीटर बापाच्या नावावर! मी काकूंकडं पाहिलं. त्याही बघतच राहिल्या. बिल भरायचं काम नानांचं. बेरीज करताना त्यांनी आकडे पाहिले होते, वरचा कोपरा नाही.

"वारसांची ना-हरकत अडलीय का?" मी विचारलं.

"छे. दोघी बहिणी आज सह्या देतील." नानांनी फाइल उघडली. सगळ्यात तळाला अर्ज होता. नाव बदलण्याचा. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात पूर्ण भरलेला, मृत्यूचा दाखला टाचणीनं लावलेला. दाखला पिवळा पडला होता, टाचणीचा गंज कागदावर उमटला होता. फक्त सही नव्हती.

"बिलं वाटणारा पोरगा येतो ना," नाना फाइलीकडं बघत म्हणाले, "तो फाटकातून हाक मारतो. 'वामनराव, लाइट बिल!' दर महिन्याला. दादांना नावानं हाक मारणारा आता तेवढाच एक राहिलाय."

कुणीच काही बोललं नाही. मग काकू उठल्या, अर्ज स्टुलावर ठेवला, त्यावर अडकित्त्याचं वजन ठेवलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वामन कुठं जातायत? श्रीधर वामन. पहिले होते ते मधले झाले. करा सही."

नानांनी केली. पण करण्याआधी, सवयीनं, त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि स्वतःच्याच अर्जात एक त्रुटी काढली. काना राहिला होता.

परवा दुपारी मी व्हरांड्यात बसलो होतो. चहा आला होता, नाना मला स्ट्रक्चरची उंची समजावत होते. आपलं साडेसहा फूट करणार, कुरडयांवर सावली पडू नये म्हणून नव्हे, तर खाली काकूंना वाकावं लागू नये म्हणून. फाटक वाजलं. बिलवाला पोरगा ओरडला, "श्रीधरराव, लाइट बिल!"

नाना बोलत राहिले. पोरानं पुन्हा हाक मारली. नानांनी कपाळाला आठी घालून रस्त्याकडं पाहिलं, आणि मला म्हणाले, "कुणाला शोधतोय हा?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्हालाच!"