कंटूर सोपे आहेत

डोंगरी सायकली आणि तंबूतला मुक्काम अशी सहल आखणारा नियोजक पुणे, ठाणे आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांत सर्रास आढळतो. वय चाळिशीच्या आसपास, पोटऱ्या भक्कम, आणि सायकलीच्या किमती दोन: एक खरी, एक घरात सांगितलेली. आखणी हा त्याचा मुख्य कार्यक्रम असतो; सहल हे निमित्त. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तो व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो. ग्रुपच्या नावात ‘फायनल’ असते आणि पहिल्याच संदेशाबरोबर एक्सेल शीट येते.

स्थळ निवडण्याचा निकष एकच: तिथे आधी कोणी गेलेले नसावे. ओळखीच्या वाटेवर आखायला काही उरत नाही. भंडारदऱ्याचेच पाहावे. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा रस्ता वळसा घालतो. साधा माणूस त्यावरून सायकल हाणील, रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ पाहील, साम्रदला कोणाकडे तरी पिठलेभाकरी सांगेल आणि झोपेल. नियोजकाला डांबर वर्ज्य. तो नकाशात एक तुटक रेष हुडकून काढतो. तुटक रेष म्हणजे पायवाट, पायवाट म्हणजे ट्रेल, आणि ट्रेल म्हटल्यावर सायकल जाणारच, अशी ही अनुमानाची साखळी. कोणी शंका काढलीच, तर उत्तर तयार असते: “कंटूर सोपे आहेत.”

गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या मित्राला तो हेच सांगतो. सायकल ढकलावी लागेल का, या प्रश्नालाही हेच. सहल नेमकी सासऱ्यांच्या एकसष्टीच्या दिवशी येते आहे असे बायकोने लक्षात आणून दिले, तरी तोंडातून आधी हेच निघते.

या वाक्यात तथ्य नाही असे नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात लगतच्या दोन समोच्च रेषांत, म्हणजे कंटूरांत, २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा दाट असल्या की चढ खडा, विरळ असल्या की सौम्य. नियम बरोबरच आहे; सह्याद्रीची घडण मात्र निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. पुढे झीज होताना टणक थर कड्यासारखे उभे तुटले आणि मऊ थरांच्या उतरत्या सपाट्या झाल्या. त्यामुळे पंधरा मीटरांचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांमधल्या कोऱ्या कागदात सुखाने मावतो. नियोजकाच्या बहुतेक सहली याच कोऱ्या कागदावर अडकतात.

वेळेचे गणितही शीटमध्ये असते. डांबरावर ताशी २० किलोमीटर जमतात, म्हणून सगळीकडे २० धरलेले. पाठीवर तंबू, चाकाखाली सुटे दगड आणि मध्येच करवंदीची जाळी असा हिशेब धरला तर शीट कुरूप दिसते. सूर्यास्ताची वेळ मिनिटासह दिलेली असते. पण ती सपाट क्षितिजाची. खोऱ्यात सूर्य डोंगराआड बराच आधी जातो. जिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, त्या भागाला शीटमध्ये ‘तांत्रिक टप्पा’ म्हणतात.

प्रत्यक्ष सहलीत दुपारी तीनच्या सुमारास तुटक रेष संपते आणि म्हशींमागे एक गुराखी उभा दिसतो. नियोजक वाट विचारत नाही. आपण योग्य वाटेवर आहोत एवढे तो गुराख्याला मोबाइल दाखवून सांगतो. गुराखी आदराने पडद्याकडे पाहतो, मग सायकलींकडे, आणि म्हणतो, “वाट हाये. पर वांदरांची हाये.” मंडळी नियोजकाकडे वळतात. तो पडदा दोन बोटांनी मोठा करून पाहतो आणि पुटपुटतो, “कंटूर तर सोपे आहेत...”

कातळटप्पा उतरायला दोन तास लागतात. अंधारात तंबू लागतो. जागा नियोजकानेच निवडलेली असल्यामुळे पहाटे सगळे जण एकाच कोपऱ्यात घरंगळलेले सापडतात.

इथवर आल्यावर नाइलाजाने एक नोंद करावी लागते. त्या शीटमध्ये अगदी उजवीकडे, जिथपर्यंत कोणी सरकत नाही, ‘विसरणार’ नावाचा एक रकाना असतो. एकापुढे ‘टॉर्च’, दुसऱ्यापुढे ‘मीठ’, तिसऱ्यापुढे ‘बीपीची गोळी’. हे सगळे नियोजकाच्या बॅगेत असते. स्वतःची चाके ट्यूबलेस असूनही तो २६, २७.५ आणि २९ इंची ट्यूबा वागवतो, कारण बाभळीचा काटा चाकाचे माप विचारत नाही आणि मित्र ट्यूब आणत नाहीत. कातळावरून सगळ्यांच्या सायकली एकेक करून खाली देणाराही तोच. त्या दोन तासांत तो कंटूरचे नाव काढत नाही.

सोमवारी सगळ्यांचे फोटो झळकतात. टॉर्च, जेवणाचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटलीही विसरलेल्या इसमाच्या फोटोखाली ‘कसलेही प्लॅनिंग न करता, असेच निघालो’ असे लिहिलेले असते. नियोजक त्यालाही लाइक करतो.

दर वर्षी शीट नवी होते, नावांची यादी मात्र जुनीच राहते. कोणी कॅनडात स्थायिक झालेला, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची सायकल भंगारात गेलेली. नियोजक एकही ओळ खोडत नाही. नावापुढे ‘पुढच्या वेळी’ लिहितो आणि त्या माणसासाठीही तंबूत जागा धरतो. म्हणून दोघांच्या सहलीला सहा माणसांचा तंबू निघतो आणि तो वाहून न्यावा लागल्याबद्दल दुसरा माणूस रात्रभर कुरकुरतो.

ज्यांचे नाव अशा एखाद्या यादीत असेल त्यांनी लवकर ‘येतो’ लिहावे, कारण फेब्रुवारीनंतर घाटमाथ्यावर पाण्याची पंचाईत होते. यायचे असेल तरच लिहावे. ट्यूब आपापली आणावी.