महिन्याला किती पडतं?

अमेरिकेत गाडी घेण्याचे तीन रस्ते आहेत. रोख घेणारा कंजूष समजला जातो, कर्ज काढणारा संसारी आणि लीजवर घेणारा यशस्वी. लीजची गाडी आपली नसते. विमा मात्र आपला, पेट्रोल आपलं आणि दारावर पडलेला ओरखडा तर फारच आपला. तीन वर्षांत गाडीची किंमत जेवढी उतरेल तेवढी आपण भरायची, कंपनीचा पैसा अडकला म्हणून वर व्याज द्यायचं आणि शेवटी गाडी धुऊन-पुसून त्यांच्या दारात नेऊन उभी करायची. तरी शेजारी "घेतली का?" असंच विचारतात आणि आपणही "घेतली" म्हणूनच सांगतो.

चार दारांची साधी गाडी लीजवर घेणारा निदान कागद-पेन घेऊन बसतो. स्पोर्ट्स कारवाला कशाला बसेल? त्याला सीट दोन, डिकी तांदळाच्या एका पोत्याएवढी आणि छप्पर उघडणारं. ते छप्पर न्यू जर्सीच्या हवेत डिसेंबर ते मार्च उघडण्याची सोय नाही. ही गाडी कशाला हवी याचं उत्तर नसल्यामुळे ती केवढ्याला घ्यावी याचंही उत्तर नसतं, आणि शोरूमवाल्यांना असं गिऱ्हाईक फार आवडतं.

माझा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस मागे हटले आणि त्याला एक निळी गाडी हवीशी झाली. मी तेव्हा ताईकडे मुक्कामाला होतो. "मामा, तुम्ही चलाच. भाव करायला तुमच्यासारखं कोणी नाही." आमच्या घरात लग्नाच्या बैठकीला मामाला पुढे बसवायची रीत आहे. शोरूममधला कार्यक्रम फार वेगळा नव्हता. मुलगी आधीच पसंत पडलेली, तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पोचलेला आणि आता दोन्हीकडची मंडळी देण्याघेण्याचं जणू काही ठरायचंच आहे अशा चेहऱ्याने समोरासमोर बसणार.

दिवस महिन्यातला शेवटचा शनिवार. हा मुहूर्त भाच्याने अभ्यासपूर्वक काढला होता. न्यू जर्सीत रविवारी गाडी विकायला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे टार्गेट भरायला सेल्समनला शनिवारची संध्याकाळच उरते. विचार बिनचूक होता. फक्त भाचा निळ्या गाडीभोवती चौथी प्रदक्षिणा घालत होता, आणि ते सेल्समनला काचेतून दिसत होतं.

गाडीच्या काचेवर किमतीचा कागद असतो. हा कागद लावणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. तो कायदा आणणारे ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी. त्यांच्याच नावाने तो स्टिकर आजही ओळखला जातो. आमच्या निळ्या गाडीच्या स्टिकरवर ६०,००० डॉलर होते. शेजारी एक छोटा स्टिकर होता: 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, ४,००० डॉलर'. पहिला कागद सरकारच्या कायद्याने लागतो. दुसरा शोरूमच्या इच्छेने.

सेल्समन बडोद्याचा निघाला आणि मराठी आमच्याहून शुद्ध. सयाजीरावांचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचा फटका आम्हाला एडिसनमध्ये बसला. 'तुम्ही आपले म्हणून सांगतो' हे वाक्य मातृभाषेत कानावर पडलं की माणूस निम्मा तिथेच खलास होतो. त्याने एक कोरा कागद घेतला, जाड मार्करने त्यावर मोठी फुली मारून चार चौकोन केले आणि खाली भरपूर जागा सोडली. एका चौकोनात गाडीची किंमत, एकात जुन्या गाडीचे पैसे, एकात सुरुवातीला भरायची रक्कम आणि एकात मासिक हप्ता. तुम्ही एका चौकोनात त्याला दाबलंत की तो दुसऱ्या चौकोनातून वर येतो. अमेरिकेतल्या गाडीविक्रीतलं हे जुनं आणि सिद्ध हत्यार आहे.

मी किमतीचा चौकोन धरला. अ‍ॅडजस्टमेंटचे ४,००० काढायला लावले, शिवाय स्टिकरवरून ३,००० उतरवले. मधल्या काळात सेल्समन 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणून आत जात राहिला. हा मॅनेजर कोणाला दिसत नाही. काचेपलीकडे एक पाठ दिसते, सेल्समन तिच्यापुढे हात हलवतो आणि पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येतो. आत ते क्रिकेटचा स्कोअर बोलत असतील तरी आपल्याला काय कळणार?

५७,००० वर सौदा आला. मी विजयी मुद्रेने भाच्याकडे बघितलं. त्याच क्षणी सेल्समनने अगदी मायेने विचारलं, "बरं, महिन्याला किती बसलं तर बरं पडेल?"

आणि भाच्याने सांगून टाकलं: "नऊशेच्या आत."

आता लीजचा हिशेब पाहा. तीन वर्षांनी गाडीची किंमत किती उरेल हे बँक आधीच ठरवते. ते स्टिकरच्या ५५ टक्के, म्हणजे ३३,००० होते. त्यात घासाघीस नसते. ५७,००० वजा ३३,००० म्हणजे २४,०००; भागिले ३६ महिने, म्हणजे ६६७. इथपर्यंत पाचवीचं गणित. मग येतो 'मनी फॅक्टर'. व्याजाचा दर सरळ टक्क्यांत सांगितला तर लोक भाव करतील, म्हणून तो ०.००२९ असा सांगतात. इतकी शून्यं बघून माणसाला वाटतं की व्याज जवळजवळ नाहीच. याला २,४०० ने गुणलं की टक्के निघतात. जवळजवळ सात! बँकेचा मूळ आकडा ०.००२५, म्हणजे सहा टक्के. वरचा एक टक्का शोरूमचा. विक्रेत्याला अशी भर घालता येते आणि किती घातली हे सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. १९७६ साली तिकडे लीजच्या ग्राहकांसाठी खास कायदा झाला. त्याप्रमाणे कागदावर सगळं लिहावं लागतं, एकूण आकार डॉलरमध्ये किती तेही लिहावं लागतं. फक्त दर लिहावा लागत नाही. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी लीजवर गाडी घेतली नसावी, किंवा बहुतेकांनी विकली असावी.

आणखी एक गंमत. हे व्याज गाडीची किंमत आणि उरणारी किंमत यांच्या बेरजेवर लागतं. ५७ आणि ३३ मिळून ९०,०००, गुणिले ०.००२९, म्हणजे महिना २६१. सगळं मिळून ९२८, कर वेगळा. दरातल्या त्या बारीकशा ०.०००४ चे महिन्याला ३६ डॉलर होतात, तीन वर्षांचे १,२९६. मी घाम गाळून ३,००० उतरवले होते, त्यातले निम्म्याच्या जवळपास दशांशचिन्हाच्या उजवीकडून परत गेले.

"नऊशेच्या आत म्हणालात ना?" सेल्समन म्हणाला. "सही करताना हजार डॉलर जास्त भरा. झालं!" आणि खरोखरच ८९७ झाले. भाच्याने टाळी दिली. स्वतःचेच हजार डॉलर आज दिले की ते दरमहा थोडे थोडे कमी द्यावे लागतात, यात टाळी देण्यासारखं काय आहे हे मी विचारलं. तिसऱ्या दिवशी गाडी कोणी ठोकून पार निकामी केली तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला जातात आणि ते हजार डॉलर आपल्याकडे परत येत नाहीत, हेही सांगितलं. भाचा म्हणाला, "मामा, शुभ बोला."

मग आम्हाला एका वेगळ्या खोलीत नेलं. हा कागदपत्रांचा माणूस. टाय घालतो, हळू बोलतो आणि पाण्याची बाटली देतो. त्याने रंगाला संरक्षक थर, काचेवर गाडीचा नंबर कोरणं, किल्ली हरवल्यास विमा आणि टायरमध्ये नायट्रोजन असा ताटभर माल मांडला. आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. बाकीच्या २२ टक्क्यांचे तो १९९ डॉलर मागत होता. आणि रंगाचा थर? तीन वर्षांनी परत करायच्या गाडीचा रंग पंधरा वर्षं टिकावा म्हणून पैसे भरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. "महिन्याला फक्त एकोणीस डॉलर जास्त," असं त्याला सांगितलं होतं.

करारात वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा होती. त्यापुढे मैलाला २५ सेंट. भाच्याचं ऑफिस मॅनहॅटनला. रोज गाडीने जायचं तर वर्षाला चौदा हजारांच्या घरात मैल होतात, आणि तीन वर्षांचा दंड तीन हजार डॉलरच्या वर. त्यामुळे निळी गाडी गॅरेजमध्ये असायची. भाचा मेट्रोपार्कहून लोकल पकडायचा आणि स्टेशनपर्यंत त्याची बायको जुन्या व्हॅनमधून सोडायची. ओक ट्री रोडवर भाजी आणायला व्हॅन, मुलांच्या क्लासला व्हॅन, गणपती आणायलाही व्हॅन. मूर्ती डिकीत बसली नाही आणि पुढच्या सीटवर बसवायला ताईने साफ नकार दिला. तीन वर्षं संपली तेव्हा निळ्या गाडीचे जवळजवळ अर्धे मैल शिल्लक होते. शिल्लक मैलांचे पैसे परत मिळत नाहीत.

परतीच्या वेळी तपासनीस आला, त्याच्या हातात क्रेडिट कार्डाएवढी पट्टी. ओरखडा पट्टीखाली झाकला गेला तर माफ, बाहेर डोकावला तर बिल. भाच्याचा एक ओरखडा किंचित डोकावत होता, तो गॅरेजमध्ये ठेवलेल्या मुलांच्या सायकलीचा. त्याने पट्टी तिरकी धरायला लावून तेवढा भाव केला, याचा मला अभिमान वाटला. राहिला गाडी परत घेण्याचा आकार, ३९५ डॉलर.

संध्याकाळी त्याचा मला पुण्याला फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"मामा, ते तीनशे पंच्याण्णवसुद्धा वाचवले!"

"ते कसे रे?"

"त्याच कंपनीची दुसरी लीजवर घेतली की माफ करतात. ही लाल आहे."