लागली की मिळालं?

मागच्या रविवारी भाची आली ती दोन कागद घेऊनच. "मामा, दोन ऑफर आहेत. एक परमनंट, एक कॉन्ट्रॅक्ट. तू दोन्ही केलंयस, तूच सांग."

दोन्ही केलंय हे खरं. मी चष्मा पुसायला घेतला. उत्तर येत नसलं की माझा चष्मा फार मळतो.

खरं तर मराठी भाषेनं याचा निकाल केव्हाच लावून ठेवलाय. आपल्याकडे नोकरी 'लागते'. भूक लागते, ठेच लागते, लॉटरी लागते, तशी. त्यात आपलं कर्तृत्व बेताचंच, पण एकदा लागली की लागली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'चिकटणं'. अमका बँकेत चिकटला म्हटलं की ऐकणाऱ्याला त्याचं पुढचं सगळं आयुष्य दिसतं, थेट निरोपसमारंभातल्या शाल-नारळापर्यंत. नोकरी लागली की वर्षभरात हळदही लागते. काम मात्र नुसतं 'मिळतं'. वडील वीज मंडळात लागले तेव्हा आजोबांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मला पहिला करार मिळाला तेव्हा आईनं कागद उलटसुलट पाहून विचारलं, "बरं झालं. पण लागणार कधी?"

पेढे वाटणारे ते आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात 'बदली' होते. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कार्डाची पद्धत सुरू झाली. ते कार्ड खिशात घालायचं, डबा घ्यायचा आणि पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहायचं. भोंगा व्हायचा, कायमवाले आत जायचे, आणि आत एखादा साचा रिकामा राहिला तर बाहेरच्या एकाला खूण व्हायची. नाही झाली तर डबा तसाच घरी. त्या दिवशी आजी वेगळं काही रांधायची नाही, डब्यातल्या भाकरीचेच वाटे पडायचे. आजोबा माळकरी, कुणाचं वाईट न चिंतणारे. पण गिरणीत कुणाला तरी ताप आल्याशिवाय आमची चूल पेटत नव्हती. "पावसाळा बरा असायचा," एवढंच म्हणायचे, आणि लगेच विषय बदलायचे.

पुढच्या पिढीत याच शब्दानं कूस पालटली. आजोबा बदली मिळावी म्हणून उभे राहायचे, वडील बदली होऊ नये म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहायचे. कुटुंबाची प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आणि काका? ते गिरणीत लागले तेच पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर राहिले, आणि कायम कोण, बदली कोण हे फाटकानं विचारलं नाही. कायम झाल्याचा कागद काकांच्या पाकिटात शेवटपर्यंत होता. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

माझ्या वाट्याला एका निमसरकारी कार्यालयात भाषांतराचं काम आलं. करार अकरा महिन्यांचा, मग तीन दिवसांचा ब्रेक, मग मुदतवाढ. पहिला करार जूनमध्ये सुरू झाला, दुसरा मेमध्ये, तिसरा एप्रिलमध्ये. अधिक महिन्याचा हा उलटा प्रकार. रमजान ईदेसारखा माझा करार हळूहळू सगळे ऋतू फिरू लागला. राहतं घरही भाड्याचं, त्याचाही करार अकराच महिन्यांचा. वर्षाहून लांबलेल्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून कुणीतरी कधीतरी अकराचा आकडा काढला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं अकरा महिन्यांचीही नोंदणी करावीच लागते, तरी आकडा काही हलला नाही. ऑफिसातल्या ब्रेकचंही तेच. सलग सेवेचं एक वर्ष धरायला औद्योगिक विवाद कायदा २४० दिवस मागत होता, आणि ते तर आठ महिन्यांतच भरायचे. शिवाय २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं उमादेवी खटल्यात सांगूनच टाकलं, की सरकारी दारात नुसती बरीच वर्षं काढली म्हणून कुणी कायम होत नाही. तरीही आमचे साहेब ब्रेक अगदी निगुतीनं द्यायचे. दुकानाला लिंबू-मिरची बांधतात तसा. गुण असो नसो, बांधलेली बरी.

महिनाअखेरीला शेजारच्या टेबलाला पगार व्हायचा, मला मानधन. त्याची फाईल लेखा विभागात तीन तीन आठवडे बसायची, अर्थात मानानं.

त्या सहा करारांत मी कामाच्या दिवशी एकदाही आजारी पडलो नाही. मला त्याचा अभिमान होता. मग बायकोनं एकदा जुनी कॅलेंडरं काढली (ती दूध आणि आजारपणं दोन्ही कॅलेंडरवर लिहिते) आणि दाखवलं, की पाच ब्रेक झाले आणि त्यातल्या चार ब्रेकांत मला ताप आला होता. माझं शरीर वर्षभर ताप साठवून ठेवत होतं आणि बिनपगारी दिवस बघून काढत होतं. आजोबा दुसऱ्याच्या तापावर जगले, मला स्वतःचाही परवडत नव्हता.

नंतर दुसऱ्या एका ठिकाणी मी कायम झालो. अधूनमधून ताप येऊ लागला. पण पहिली किरकोळ रजा मी धडधाकट असताना घेतली. वार बुधवार. दहा वाजता दुसरा चहा झाला. साडेदहाला पंखा पुसला. अकरा वाजता न राहवून ऑफिसात फोन केला, "काही अडलंय का?" पलीकडून शिपाई म्हणाला, "नाही, का?" त्या 'का'चं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. कंत्राटी असताना आपल्यावाचून अडतं असं वाटत राहतं, कारण अडलं नाही तर मुदतवाढ नाही. कायम झाल्यावर कळतं की कुणाचंच अडत नव्हतं. तिथं मी चार वर्षं टिकलो. पाचवं काढलं असतं तर ग्रॅच्युइटी मिळाली असती, पण ती गोष्ट बायकोसमोर काढत नाहीत.

भाचीनं कागद पुढे सरकवले. परमनंटचे वर्षाला ८ लाख. कंत्राटाचे दिवसाला ५ हजार, म्हणजे महिन्याचे वीस दिवस धरून वर्षाचे १२ लाख. मी पेन्सिल घेतली. सण-सुट्ट्या आणि रजा मिळून तीस दिवस गेले, दीड लाख. दोन कंत्राटांच्या मध्ये एक महिना रिकामा धरला, १ लाख. "वरून आईवडिलांचा विमा तुझा तुलाच. आणि टीडीएस दर महिन्याला कापतील, विवरणपत्र भरलंस की त्यातलं काही परत येईल."

"तरी नऊच्या वर राहतात ना, मामा?"

राहतात. हिशेबात पोरगी माझ्यावर गेलेली नाही हे उत्तम. मग मी आठ लाखांचा कागद चष्म्याजवळ धरला. त्यात १९ हजार २४० रुपये ग्रॅच्युइटीचे होते. मूळ पगाराचे ४.८१ टक्के. पाच वर्षांनी मिळाले तर मिळणारे पैसे आजच्या पगारात मोजून दाखवले होते, म्हणजे परमनंटच्या कागदावरही उधारी होतीच.

"मग काय करू?"

"तुला ताप किती वेळा येतो?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर घरातल्या वयस्कर माणसांसाठी राखून ठेवलेली असते. कागदांची घडी घालून ती गेली. आजोबांच्या फाटकाची गोष्ट सांगायची राहून गेली. कदाचित तीच सांगायला हवी होती.

काल ताईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, पोरगी कामाला लागली रे एकदाची!"

कामाला लागली. 'काम' म्हणावं तर कंत्राट, 'लागली' म्हणावं तर परमनंट. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेढ्यांवरून अंदाज आला असता, पण ताईला साखर आहे. तिच्याकडे काहीही झालं तरी चिवडाच येतो.