सरांच्या गच्चीवरचं तांबं

"काकू, काल संध्याकाळी तुमच्याकडेही वास आला का हो? प्लॅस्टिक जळाल्यासारखा?"

"आला म्हणजे! दोरीवरच्या साड्या पुन्हा भिजत घातल्यात. मला वाटलं कुणाचं मीटर पेटलं. वर बघते तर क्लासवाल्या सरांचा भाचा गच्चीवर पत्र्याच्या डब्यात जाळ करून बसलेला. विचारलं तर म्हणतो कसा, 'काही नाही आजी, वायर साफ करतोय.' आजी! परवापर्यंत मावशी होते की मी."

"म्हणजे ऐकलं ते खरं तर. सरांनी एमएस-सीआयटीचा क्लास गुंडाळला ना, सगळे जुने कॅबिनेट घरी आलेत."

"अगं, दिवाण दिसत नाही त्यांचा. काकडीची कोशिंबीर द्यायला गेले तर सरांच्या मंडळी रडकुंडीला आलेल्या. पोळ्यांच्या डब्यात स्क्रू, मिसळणाच्या डब्यात स्क्रू. आणि सर म्हणतात, 'थांब जरा, कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं.' काय गं, तू दुरुस्तीच्या दुकानात होतीस ना? खरंच असतं?"

"असतं, पण प्रोसेसरच्या पिनांवर आणि रॅमच्या कडेच्या पट्टीवर, तेही नावाला. सर फोडतायत तो एसएमपीएस. कॅबिनेटच्या मागे पंख्याची जाळी असते आणि मेनची केबल खुपसतो ना, तो पत्र्याचा डबा. घरातली 230 व्होल्टची वीज घेऊन तो आत 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवतो. त्यात सोनं शोधणं म्हणजे उगाच."

"मग असतं काय त्यात?"

"बाहेरचा डबा लोखंडी पत्र्याचा. आत एक पंखा. ॲल्युमिनियमच्या दोन-तीन दातेरी पट्ट्या, त्यांना हीटसिंक म्हणतात. मग ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल, त्यांच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, पण मधला काळा गाभा फेराइटचा, त्याला कुणी विचारत नाही. बोर्डही तपकिरी, हलक्या प्रतीचा. मदरबोर्डला जो भाव मिळतो, तो याला नाही. आणि बाहेर लोंबतो तो रंगीबेरंगी वायरींचा झुपका. खरा माल तोच."

"हं. म्हणजे तांबं."

"तांबंच. भंगारात ते लोखंडाच्या वीसेक पट भावाने जातं. आता हिशेब करा. साधा एसएमपीएस किलो-सव्वा किलोचा. अख्खा लोखंडात घातला तर सव्वा किलो लोखंडाचे पैसे. त्याच्या वायरींत शंभरेक ग्रॅम तांबं धरलं, तरी ते झालं दोन किलो लोखंडाच्या तोडीचं."

"म्हणजे भंगारवाल्याने सगळं लोखंडाच्या काट्यावर घेतलं, तर तांबं त्याला फुकट!"

"तेच तर. सरांना पहिल्या खेपेला तसंच गंडवलं म्हणून ते ईर्ष्येने फोडायला बसले. पण काकू, ट्रान्सफॉर्मर फोडून, कॉइल सोडवून, हीटसिंकचे स्क्रू काढून वर हाती काय लागतं? मूठभर तांबं नि थोडं ॲल्युमिनियम. एका डब्यामागे अर्धा-पाऊण तास जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"आणि त्या पोराला झटका बसला म्हणे? दुधवाला सांगत होता."

"बसणारच. आत पिंपासारखे मोठे कपॅसिटर असतात. 230 व्होल्टची वीज आत सरळ प्रवाहात बदलली की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि ती त्यांच्यात साठून राहते. प्लग काढला तरी लगेच उतरत नाही. उतरवायला रेझिस्टर बसवलेला असतो, पण जुन्या डब्यात तोच जळालेला असला तर काय? पोरगा म्हणाला असेल, बंदच तर आहे, घालू बोट. ज्याला मल्टिमीटर लावून बघता येत नाही, त्याने तो डबा उघडूच नये."

"देवा! आणि वर तो जाळ."

"त्याचा तर मला जास्त राग येतो. वायरीचं साल पीव्हीसीचं, त्यात क्लोरीन. उघड्यावर जाळलं की आम्लाचा धूर होतो, डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात. आपलं मुरादाबाद ऐकून आहात ना, पितळी भांड्यांचं? तिथे रामगंगेच्या काठी कॉम्प्युटरचे बोर्ड जाळून धातू काढायचे. नदीकाठी काळी राख पसरली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आणि एवढं करून जळकं तांबं काळवंडतं, त्याला उजळ तांब्यापेक्षा भाव कमीच."

"म्हणजे माझ्या साड्याही गेल्या आणि त्याचे पैसेही!"

"वायर सालासकट विकायची हो. भंगारवाला आतल्या तांब्याचा अंदाज धरून भाव करतो. फक्त आधी एक टोक ब्लेडने खरवडून बघायचं. स्वस्तातल्या डब्यांत वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम निघतं. लोहचुंबक चिकटला तर आत चक्क लोखंड."

"इतकी फसवणूक!"

"पण काकू, सरांनी चांगले डबेही फोडले, ते मला जास्त लागलं. चालू एसएमपीएसला मेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे येतात. तपासायला कॉम्प्युटरही लागत नाही. मोठ्या प्लगमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरतो. मग पिवळ्यावर 12 व्होल्ट, लालवर 5 येतात का ते मीटरने बघायचं. बरोबर असले तर तापकीर गल्लीतला दुरुस्तीवाला घेतो, नाहीतर रविवारी जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. गणपतीच्या आराशीतल्या 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांनाही चालतो."

"अगंबाई! आमच्या ह्यांनी गेल्या गणपतीत त्याच पट्ट्यांसाठी नवा ॲडॉप्टर आणला. शेजारी एवढं दुकान असताना!"

"आता तरी सरांना सांगा."

"मी कशाला? मंडळींना सांगते, त्या सरांना सांगतील. सर माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकावंच लागतं. पण मेलेले डबे कुठे घालवायचे? आपल्याकडे कचरा न्यायला ताई येते, ती घेईल?"

"ती 'स्वच्छ'ची ना? कचरावेचकांची सहकारी संस्था आहे त्यांची, 2008 पासून महापालिकेबरोबर काम करतात. ई-कचराही घेतात, तिला विचारा. 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू झालेत, ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. जुन्या बोर्डांच्या डागात शिसं असतं, ते आपल्या ओल्या कचऱ्यात किंवा नाल्यात जाता कामा नये."

"म्हणजे थोडक्यात मंडळींना काय सांगू? माझ्या लक्षात राहील असं सांग."

"आधी हिरवी-काळी जोडून बघा. फिरला तर फोडू नका, विका. नाहीच फिरला तर प्लग काढलेला आहे ना याची खात्री करा, डबा न उघडता वायरींचा झुपका बाहेरूनच मुळाशी कापा आणि सालासकट तांब्याच्या भावात द्या. उरलेला डबा अख्खा ई-कचऱ्यात. पाच मिनिटांचं काम, पैसा जवळपास सगळा हातात, आणि गच्चीवर काडी पेटवायची गरज नाही."