कुऱ्हाड-ढालीची लढाई : हज़रतगंजी प्रवेशिका

ही प्रवेशिका होतकरू योद्ध्यांसाठी आहे. होतकरू योद्धा म्हणजे ज्याचं वय साठीपुढे, पोट पट्ट्यापुढे आणि युद्धशास्त्राचं ज्ञान मोबाइलवर पाहिलेल्या वायकिंग मालिकेपुरतं, असा गृहस्थ. असे पुष्कळ असतील. मला एकच ठाऊक आहेत, ते म्हणजे आमचे साडू. बँकेच्या बदलीवर लखनौला आले, हज़रतगंजामागच्या गल्लीत जागा घेतली, निवृत्त झाले तरी हलले नाहीत. आता रोज संध्याकाळी ते गंजात हिंडतात आणि सोबत जो असेल त्याला कुऱ्हाड कशी चालवावी ते सांगतात. गंजात उगाच हिंडण्याला इथली मंडळी ‘गंजिंग’ म्हणतात. साडूंचं गंजिंग हातवाऱ्यांसकट असल्यामुळे त्यांच्या उजव्या बाजूने चालू नये. प्रवेशिकेचा हा शून्यावा नियम, आणि पाळायचा झाला तर एवढाच पाळा.

नियम पहिला, शस्त्रनिवडीचा. साडूंच्या मते कुऱ्हाड जेवढी जड तेवढा योद्धा मोठा. वायकिंगांचं मत वेगळं होतं. सरपण फोडायची कुऱ्हाड जाड असते, कारण तिला ओंडका उकलायचा असतो. लढाईच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ, वजनाला हलकं. माणूस ओंडक्याइतका हट्टी नसतो (साडूंचा अपवाद). शिवाय जड कुऱ्हाड एकदा सुटली की मधेच थांबवता येत नाही, आणि घाव हुकला तर ती आपल्यालाच ओढत पुढे नेते. मग आपली उघडी बगल आणि समोरच्याची कुऱ्हाड यांची गाठ पडते. तलवारीला चांगलं लोखंड भरपूर लागे आणि कारागीरही तसाच लागे. कुऱ्हाड मात्र घरोघरी होती. थोडक्यात, हे गरिबाचं शस्त्र आहे. साडूंना हे सांगू नये. त्यांनी पेन्शनच्या पहिल्या हप्त्यातून मुठीवर ड्रॅगन कोरलेली एक कुऱ्हाड मागवली आहे. तिने अजून नारळही फुटलेला नाही.

उपनियम : लांब दांड्याची, रुंद पात्याची डेन कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरायची असते. हेस्टिंग्जच्या 1066 च्या लढाईचं चित्रण असलेल्या बायोच्या कापडावर ती तशीच धरलेली दिसते. साडूंना ती कुऱ्हाडही हवी आणि ढालही हवी. तिसऱ्या हाताची सोय झाल्यावर हा उपनियम पुन्हा वाचावा.

नियम दुसरा, दाढीचा. वायकिंग कुऱ्हाडीच्या एका जातीत पात्याचा खालचा भाग दाढीसारखा खाली उतरलेला असतो. ही दाढी शोभेची नाही. ती समोरच्याच्या ढालीच्या काठात अडकवायची, एक हिसडा द्यायचा, ढाल खाली किंवा बाजूला आली की मोकळ्या जागेत घाव घालायचा. गंजात कुऱ्हाड घेऊन फिरलात तर पोलिस विचारतील, म्हणून सरावाला आकडी मुठीची छत्री घ्यावी. साडूंनी हा प्रयोग माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर केला आहे. पिशवी सुटली, त्यातली रेवडी फुटपाथवर सांडली आणि साडू म्हणाले, “बघितलंत? ढाल उघडी पडली.” तंत्र निर्दोष होतं, हे मला मान्य करावं लागतं. रेवडीचे पैसे मिळाले नाहीत.

नियम तिसरा, शिरस्त्राणाचा. शिंगं लावू नयेत. लढणाऱ्या वायकिंगांच्या शिरस्त्राणाला ती नव्हतीच. 1876 साली वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी वेशभूषा करणाऱ्या डोप्लरने ती लावली आणि मग ती निघेनात. नॉर्वेत येर्मुंडबू इथे 1943 साली सापडलेलं शिरस्त्राण गोल, साधं, डोळ्यांभोवती लोखंडी कडं असलेलं आहे. डोक्याला शिंगं म्हणजे शत्रूला आयती मूठ. नातवाच्या वाढदिवसाचं शिंगवालं टोपडं घालून गंजात आईस्क्रीम खायला जाणाऱ्यांबद्दल ही प्रवेशिका काही बोलू इच्छित नाही.

नियम चौथा, ढालीचा. इथे जरा बसून घ्या.

लढाई कुऱ्हाडीने होते असं वाटतं, पण ती होते डाव्या हाताने. नॉर्वेत 1880 साली उकरून काढलेल्या गोकस्टाडच्या जहाजावर दोन्ही कडांना बत्तीस-बत्तीस ढाली लावलेल्या होत्या, एक पिवळी एक काळी अशा आळीपाळीने. प्रत्येकीचा व्यास साधारण 94 सेंटिमीटर. फळ्या मात्र पातळ, आणि काठाकडे जाता जाता आणखी पातळ. आपल्याकडच्या चामडी ढालीला आतून दोन कड्या असतात, मधे गादी असते, आणि बाहेर दिसणाऱ्या फुल्या त्या कड्यांच्याच खिळ्यांवर बसवलेल्या असतात. वायकिंग ढालीला मधोमध एकच मूठ, आणि त्या मुठीवर बाहेरून लोखंडी वाटी. म्हणजे ती हाताला बांधलेली नसते, मुठीभोवती फिरते. म्हणून ती छातीशी कवटाळायची नाही. छातीशी धरलेली ढाल घाव अंगावर घेते आणि वर आपलीच नजर अडवते. हात पुढे काढायचा, काठ शत्रूकडे झुकवायचा, त्याच्या शस्त्राचा रस्ता उगमापाशीच बंद करायचा. घाव आला की थोपवायचा नाही, घसरवायचा. फरी-गदगा खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मढवलेली काठी समोरून येते आणि डाव्या हातातली चामड्याची फरी तिला वाटेतच भेटते. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड आहेत. साडूंना मी ते वाचा म्हणालो, तर म्हणाले, त्यात वायकिंग आहेत का?

ढाल म्हणून साडू मेहुणीचं पोळपाट वापरतात. ते वायकिंग ढालीपेक्षा जाड आहे आणि त्याला मूठ नाही. मेहुणीचं म्हणणं मी इथे छापू शकत नाही.

आता जे लिहितो ते साडूंनी वाचू नये. हज़रतगंजच्या चौराह्यावर रस्ता ओलांडताना हा माणूस न सांगता वाहनांच्या बाजूला येतो. कापडी पिशवी डाव्या हातात, हात जरासा पुढे, पंजा ताठ. मागे आम्ही सगळे, म्हातारी आत्या, पोरं, मी. एक रिक्षा अंगावर येते, पिशवी अर्धी वीत हलते, रिक्षा वळते. त्या क्षणी ते कुऱ्हाडीबद्दल बोलतही नसतात. ढालींच्या भिंतीत प्रत्येकाची ढाल थोडी शेजाऱ्यालाही झाकते. ते काम त्यांना जन्मतः येतं. जे पुस्तक वाचून येत नाही ते त्यांना येतं, आणि त्याचाच त्यांना पत्ता नाही. असो. पलीकडच्या फुटपाथवर पोचताच पुन्हा घाव कसा घालावा ते सुरू.

नियम पाचवा, पायांचा. यासाठी आइसलंडला जायची गरज नाही. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौचं वर्णन करताना इथल्या युद्धकलांची यादीच दिली आहे : लकडी, पटा, बांक, बिनौट, बरछा, बाना आणि बरंच काही. लकडीचे दोन संप्रदाय, अलीमद आणि रुस्तमखानी. अलीमदवाल्याचा डावा पाय जागचा हलत नाही, पैतरे सगळे उजव्या पायाचे. रुस्तमखानीत पुढे-मागे, डावी-उजवीकडे, जागा मिळेल तसं सरकायचं. अलीमद खानदानी लोकांची आणि रुस्तमखानी सर्वसामान्यांची, असं शरर सांगतात. गंजच्या गर्दीत अलीमदच चालते, कारण दुसरा पाय ठेवायला जागाच नसते. बिनौटवाला तर नुसत्या हातरुमालाच्या टोकाला पैसा बांधून समोरच्याचं हत्यार उडवी. साडूंनी रुमाल नाकारला. मालिकेत रुमाल नाही.

नियम सहावा, पहिल्या घावाचा. लखनौचं ‘पहले आप’ हे बाकीच्या हिंदुस्थानाने विनोदाचं करून टाकलं आहे. कोरमाक नावाच्या आइसलंडी कवीच्या सागेत द्वंद्वाचे कायदे दिले आहेत, ते पाहावेत. जमिनीवर पाच हात लांब, पाच हात रुंद कापड अंथरायचं. प्रत्येकाला तीन ढाली. फुटली की दुसरी. एक पाय आखलेल्या हद्दीबाहेर गेला तर माघार, दोन्ही गेले तर पळ. आणि पहिला घाव कुणाचा? ज्याला आव्हान दिलं त्याचा. भांडण ज्याने उकरून काढलं त्याने आधी ढाल धरून उभं राहायचं. म्हणजे ‘पहले आप’ हाही वायकिंगांचा कायदाच निघाला. त्यात युक्तीही आहे : जो आधी कुऱ्हाड उचलतो तो आधी उघडा पडतो. गंजातल्या कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात साडूंशी वाद झाला तर हे करून बघा. “आधी तुम्ही बोला” म्हणावं. ते बोलतात, बोलतात, दुकानदार दिवे मालवायला लागतो, आणि आपली ढाल अजून कोरी असते.

नियम सातवा, लढाई थांबवण्याचा. द्वंद्वाच्या त्याच कायद्याप्रमाणे कापडावर रक्त सांडलं की पुढे लढायची सक्ती नाही, आणि जखमी झालेल्याने तीन मार्क चांदी भरून मोकळं व्हायचं. हज़रतगंजात याची अंमलबजावणी टोकरी चाटवर होते. बटाट्याच्या तळलेल्या टोपलीत दही, चटणी, डाळिंब, सगळं काठोकाठ. ती उभ्याने खाताना ज्याच्या कुडत्यावर पहिला चटणीचा थेंब पडेल तो हरला, आणि पैसे त्याने द्यायचे. साडूंचा कुडता पांढरा लखनवी चिकनचा. थेंब पडतोच. मग ते ठरलेल्या कायद्याची आठवण करून देतात : आव्हान मी दिलं होतं, तेव्हा पाकिटाला हात घालायचा पहिला मान माझा नाही, पहले आप.