नायगावचा नायगारा

२००६ साली ऑफिसात नवा सर्व्हर आला. मी हौसेने घरी फोन केला, "बाबा, नायगारा आला!"

"नायगावहून? कोण रे?"

बाबांचं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. तेव्हा मी हसलो. नंतर मात्र हसू आवरतं घ्यावं लागलं.

सन मायक्रोसिस्टिम्सचा अल्ट्रास्पार्क टी-१, लाडाचं नाव नायगारा. इतरांचे प्रोसेसर दोन कोअरवर बंगला बांधल्याच्या थाटात मिरवत होते, तेव्हा ह्यात आठ कोअर. म्हणजे आठ खोल्या. प्रत्येक खोलीत चार थ्रेड, एकूण बत्तीस जण, आणि खोलीत स्टोव्ह एकच. तरी भांडण नाही. मेमरीतून माल यायला वेळ लागतो, एरवी तेवढा वेळ प्रोसेसर नुसता ताटकळतो. इथे एक जण नळावर गेला की दुसरा स्टोव्ह धरतो. सेकंदाला अब्जभर ठोके, ठोक्यागणिक पाळी बदलते, स्टोव्ह सहसा निवत नाही. तीन एमबीची दुय्यम कॅश सगळ्यांत सामाईक, तिला गॅलरी म्हणा. आणि वीज खाणार ७२ वॉट, शंभराच्या पिवळ्या बल्बहून कमी! इतक्या काटकसरीत बत्तीस तोंडं पोसणं आमच्या आजीलाच जमायचं.

दशांशांचं गणित करणारा विभाग मात्र अख्ख्या चिपमध्ये एक. आठ खोल्यांना मिळून एक. असं एकच काय असतं आणि ते कुठल्या टोकाला असतं, हे चाळकऱ्यांना सांगायला नको.

वेबसाइटची पानं वाढण्यात नायगाराचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी शहाण्याने त्याच्यावर दशांशांनी बुजबुजलेला हिशेब टाकला, तोही बत्तीस प्रोसेसमध्ये वाटून. बत्तीस डबडी रांगेत उभी राहिली.

"सर्व्हर बंद पडलाय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, आत कोणीतरी आहे."

शेवटी तो हिशेब मी गुपचूप टेबलावरच्या साध्या पीसीवर उरकला.

२००७ मध्ये टी-२ आला. मी पुन्हा फोन केला. "बाबा, नायगारा सेल्फ-कंटेन्ड झाला. प्रत्येक खोलीला स्वतःचं! स्टोव्हसुद्धा दोन!"

"आणि खोलीत माणसं किती?"

"आता आठ."

बाबा जरा थांबले. "मग दारावर थाप आहेच," म्हणाले.